सत्त्याण्णवचा साप

माझ्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला मी भर गावासमोर सापाच्या तोंडी दिलं. साप मीच काढलेला होता, काळ्या ऑइलपेंटनं, आणि जीभ लाल दिसावी म्हणून माझी स्वतःची नेलपॉलिश त्याच्यावर संपवली होती. आता कुणी म्हणेल, सापशिडीतला साप तो, त्याचं एवढं काय? तेच तर सांगायचंय. पण सगळं एकदम ओकून टाकायची मला सवय नाही, तेव्हा जरा दमानं घेते.

घरात आज मला कुणी फासे टाकू देत नाही. लुडो खेळायला बसलं की नात आधी माझा पदर झटकून घेते, मग माझे पाय दुमडलेत का ते बघते. तिच्या शाळेत संगणकावर खेळ तयार करायला शिकवतात. ससा किती उंच उडी मारणार, भिंतीला धडकला तर काय होणार, हे सगळं ती ठरवते आणि सशानं ऐकलं नाही तर त्याच्यावरच डाफरते. परवा मला म्हणाली, "आजी, तुमच्या वेळेला असलं काही नव्हतं ना?" मी म्हटलं, होतं की. पत्र्याच्या पेटीत होतं आणि पेटीची किल्ली माझ्या कमरेला होती. तिथंच सगळं बिघडलं.

नव्वदीतली सुरुवातीची वर्षं असतील. मी अंबड तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर चौथीला शिकवत होते. राहायला वडीगोद्रीला, तिथून जीपनं फाट्यापर्यंत, फाट्यापासून गावापर्यंत पायी. वय तिशीतलं. वेणी सोडून नुकताच अंबाडा घालायला लागले होते, कारण अंबाड्यात मी फार विदुषी दिसते असा माझा समज होता. त्यातच जालन्याला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाला माझा नंबर लागला, आणि तिथून मी ती पेटी घेऊन आले. मग काय विचारता. जीपमध्ये मी पेटी मांडीवर ठेवली, खाली ठेवू दिली नाही. शेजारच्या मावशींनी विचारलं, "बाळंतिणीचे लाडू का काय?" मी म्हटलं, "शैक्षणिक साहित्य आहे." माझी मान आणखी ताठ झाली.

पेटीत खेळ नव्हता. खेळ तयार करायचं सामान होतं. रिकाम्या चौकोनांचे पट, आणखी चौकोन छापायला रबरी शिक्के, शाईचं पॅड, कोरे पत्ते, रंगीत सोंगट्या आणि लाकडाचे कोरे फासे, ज्यांच्यावर ठिपकेसुद्धा पोरांनीच द्यायचे. शिकवणारे गृहस्थ पुन्हा पुन्हा एकच सांगत होते: ही पेटी मुलांच्या हातात द्या, खेळ त्यांना करू द्या, नियमही त्यांनाच ठरवू द्या, भांडू द्या. नियम ठरवताना मूल जितकं डोकं चालवतं तितकं आयता खेळ खेळताना चालवत नाही. मी ते लिहून घेतलं, खाली लाल रेघसुद्धा मारली. मग शाळेत आले आणि पेटी झेंड्याच्या कपाटात कुलूपबंद केली. का, तर शाईनं पोरांचे सदरे खराब होतील. शिक्के हरवतील. आणि खरं सांगायचं तर, इतकी छान वस्तू पोरांच्या शेंबड्या हातात द्यायला माझा जीव होत नव्हता.

खेळ मीच करायचे, घरी बसून. पाढ्यांचा, नद्यांचा, जोडाक्षरांचा. पोरं खेळायची आणि त्यांना ते आवडायचंही. सतराचा पाढा म्हणताना ज्यांना घाम फुटायचा ती पोरं सोंगटी पुढं सरकवायच्या हावेनं तो घडाघडा म्हणायला लागली. शेजारच्या गावचे गुरुजी बघायला आले. मी कपाट उघडून पेटी दाखवायचे आणि परत बंद करायचे, दागिने दाखवावेत तशी.

आता त्या मुलीबद्दल. नाव सांगत नाही. तिचं घर ऊसतोडीला जाणारं. आमच्या भागातून दसरा झाला की मुकादमाचे ट्रक भरायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि लहान पोरं सांभाळायला मोठी पोरगी बरोबर नेतात. ही दर वर्षी जायची आणि शिमग्याच्या सुमाराला परत यायची. आल्यावर पंधरवडाभर तोंड उघडायची नाही, नुसती दुसऱ्यांच्या वह्या बघायची, आणि मग एक दिवस फळ्यावरचं गणित माझ्याआधी सोडवून मोकळी व्हायची. पहिलीपासून हा वर्ग माझ्याकडंच, आणि पहिलीपासून असंच. पण चौथीत अपूर्णांक येतात, भागाकार लांबतो. ते पाच महिने गेले असते तर तिची शाळा तिथंच थांबली असती, हे मला दिसत होतं. तिला गावात ठेवून घ्यायचंच, असं मी मनाशी धरलं. तिची आत्या शाळेच्या मागच्या आळीत राहायची, तिच्याकडं ती राहू शकली असती. बापाला समजावायचं तेवढं बाकी होतं.

समजावायचं कसं? साधा मार्ग होता. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, बोलायचं. पण अंबाडा घालणाऱ्या बाईंना साधं काही सुचतच नव्हतं. मी पालक मेळाव्यासाठी जमिनीवर अंथरायची भली मोठी सापशिडी करायला घेतली. खताच्या पांढऱ्या गोण्या उसवून टेलरकडून जोडून घेतल्या. त्यावर शंभर घरं आखली. 'रोज शाळेत आला' की शिडी, 'पाणी उकळून प्याला' की शिडी. 'शाळा बुडवली' की साप, 'लहान वयात लग्न' की साप. आणि सगळ्यात लांब साप, सत्त्याण्णववरून थेट तीनवर येणारा. त्याच्या डोक्यापाशी मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'पोराला ऊसतोडीला नेलं'. वाटलं, बाप बघेल, त्याच्या काळजात लख्ख प्रकाश पडेल, आणि तो डोळे पुसत म्हणेल, बाई, माझी पोरगी ठेवून घ्या. मी तर ह्यावर काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

मेळाव्याला अंगण भरलं. ह्या पटावर सोंगट्या नव्हत्या, पोरंच सोंगट्या. प्रत्येक आळीचं एक पोर घरात उभं राहायचं. फासा साबणाच्या खोक्याचा, पांढरा कागद चिकटवलेला, हातात मावणार नाही एवढा. तो आळीतल्या कुणीतरी टाकायचा, आणि किती पडले ते मी मोठ्यानं सांगायचं. सापानं गिळलं तर बसून घसरत शेपटीपर्यंत जायचं, असा नियम मी केला होता. पोरं हसतात, वातावरण हलकं राहतं, म्हणून.

सुरुवात झकास झाली. एका म्हाताऱ्यानं तर पटाच्या कडेला उकिडवं बसून सापाची जीभ निरखली. म्हणाला, "बाई, लिपस्टिक लावली का ह्याला?"

मागून कुणीतरी बाई म्हणाली, "बाईंचीच आसंल. त्यांना हाय तसला सोस."

सगळे हसले. मीही हसले, नखं पदरात लपवून.

खेळ रंगला. पोरं शिड्या चढली, छोट्या सापांवरून घसरली. पण माझ्या लाडक्या सापाच्या तोंडी कुणी जाईना. कुणी अठ्ठ्याण्णववर उडी मारी, कुणी ब्याण्णववरच अडकून पडे. मोठे गुरुजी घड्याळ बघायला लागले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, चहा उकळून उकळून काढा झालाय. आटपा जल्दी."

त्या वेळी ती मुलगी त्र्याण्णववर उभी होती. तिच्या आळीसाठी तीच पुढं होती. बापही आला होता. शाळेत कधी न येणारा माणूस, खांद्यावर टॉवेल टाकून लिंबाखाली उभा. लेकीनं चल म्हटलं म्हणून आला असेल, असं मला वाटलं. आणि माझा साप त्यानं अजून बघितलाच नव्हता, तो आपला लेकीकडं बघत होता.

त्यांच्या आळीचा फासा पडला. खोकं गडगडत माझ्या पायाशी आलं. दोन ठिपके वर होते. लोक माझ्या तोंडाकडं बघत होते, मी काय सांगते म्हणून. माझं पातळ घोळदार होतं. मी पायाच्या अंगठ्यानं खोकं हळूच कलंडवलं आणि म्हटलं, "चार."

असं मी केलं. तेव्हा मला ती लबाडीसुद्धा वाटली नाही. वाटलं, एका चांगल्या कामाला जरासा हातभार. हातभार कसला, पायभार.

मुलीनं एकदा फाशाकडं बघितलं. मग चार घरं चालली आणि सापाच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली. मी मोठ्यानं वाचलं, "पोराला ऊसतोडीला नेलं." माझ्या हिशोबानं हाच तो प्रकाश पडायचा क्षण. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "गेली, गेली उसाला."

"कोयता द्या रे तिच्या हातात."

"मुकादमाला सांगा, आन एक वाढली."

सगळं अंगण हसायला लागलं. जे स्वतः दर वर्षी जायचे तेही हसले, जरा खाली बघून. मुलगी सापाच्या अंगावरून चालत खाली निघाली. पोरं ओरडली, "बसून, बसून." ती थांबली आणि माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "हं, बसून जायचं. नियम आहे."

ती बसली. फ्रॉक गुडघ्यावर ओढून घेतला आणि त्या गोण्यांवरून, काळ्या सापाच्या अंगावरून, दोन्ही हातांनी स्वतःला ढकलत तीनपर्यंत गेली. लांब साप काढला होता मी. वेळ लागला तिला.

खेळ संपल्यावर बाप तिचा हात धरून निघाला. जाताना माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "खेळ चांगला हाय बाई तुमचा. आमचं नाव लिवायचं तेवढं राह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या शाळेच्या फाटकाशी उभी होती. डोक्यावर पदर, हातात विळा, शेताला निघालेली.

"बाई, काय करून बसल्या तुमी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्त लागलं. "ठेवनारच व्हता त्यो पोरीला माझ्याकडं. मला शब्द दिल्ता. तुमाला मेळाव्यात सांगनार व्हता, म्हनून तर आल्ता."

मी म्हटलं, "मग आता?"

"आता न्हाई म्हनतो. म्हनतो, ठेवली तर गाव म्हनंल बाईच्या सापाला भ्याला. आन दुसरं येक डोक्यात घेतलंय त्यानं. तुमीच जाऊन ऐका."

मी गेले. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर. जे आधी करायला हवं होतं ते, चहा, ओटा, सगळं आता. घरात बांधाबांध चालली होती. भांडी पोत्यात भरलेली, तवा वर. मुलगी लहान भावाला कडेवर घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बाप भांडला नाही. "बसा बाई," म्हणाला, आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.

मी भाषण केलं. अपूर्णांक, भागाकार, पोरीचं डोकं, आत्याचं घर. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुमी बराबर बोलून राह्यल्या. म्या बी त्योच इचार केल्ता. पन तुमीच बघा. येवढी पोरं व्हती त्या पटावर. कुनालाच त्यो साप लागला न्हाई, आन माझ्याच पोरीला बराबर चार पडावं? समद्या गावानं बघितलं. तिच्या नशिबातच उसाची वाट हाय, तिला आपून काय करनार."

बशीत ओतलेला चहा माझ्या हातात होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: भाऊ, चार पडलेच नव्हते, दोन पडले होते. नशिबानं काही केलेलं नाही, मी केलंय. तोंड उघडलंसुद्धा. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय आलं? मोठे गुरुजी. गाव. बाई फसवतात, ही गोष्ट फाट्यापर्यंत आणि फाट्यावरून वडीगोद्रीपर्यंत. माझा अंबाडा. मी चहा प्याले. "छान झालाय," म्हटलं. दारातली मुलगी माझ्याकडं बघत होती, भावाचं डोकं खांद्यावर थोपटत. मला वाटलं, ती शाळा सुटणार म्हणून बघते आहे. मी नजर चुकवली, कप-बशी खाली ठेवली आणि आले.

दोन दिवसांनी ट्रक गेला.

त्यानंतर मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. साहेब तपासणीला आले, त्यांनी तो पट बघितला आणि फार वाखाणला. तालुक्याला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन होतं, तिथं घेऊन या म्हणाले. शहाण्या बाईनं नाही म्हटलं असतं. मी नेला. तिथं लोकांनी सत्त्याण्णवच्या सापापाशी थांबून माना डोलावल्या. किती कल्पकता, म्हणाले. मी विनयानं खाली बघत राहिले, आणि खाली बघितलं की मला माझा अंगठा दिसायचा.

परत येताना एसटीत पटाची गुंडाळी मांडीवर होती. आमची माणसं दुसरीकडं ऊस तोडायला गेलेली आणि आमच्याकडच्या उसाला दुसरीकडून टोळ्या आलेल्या, असा तो सगळा मोसम. रस्त्याच्या कडेला एक उसाचा ट्रॅक्टर उभा होता. मोळ्यांच्या सावलीला एक पोरगी तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. आमची नव्हती. कुठली होती कोण जाणे. एसटी पुढं गेली. गुंडाळी मला एकाएकी इतकी जड झाली की मी ती सीटखाली सारली, आणि घरी आल्यावर ह्यांनी "काय म्हणालं प्रदर्शन?" विचारलं तर त्यांच्यावरच खेकसले.

शिमग्यानंतर ती आली. सकाळची प्रार्थना झाली होती. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, येऊ का?" केस उन्हानं तांबूस झालेले, हातांवर उसाच्या पानांचे चरे. मी ये म्हणायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "सत्त्याण्णव आली."

मग दुसरा. "ये सत्त्याण्णव, हितं बस."

तिला त्याचं काहीच वाटल्यासारखं दिसलं नाही. ती जाऊन बसली. मेळाव्यापासून पोरांनी हेच नाव तिला लावलं होतं, ती नसतानासुद्धा. मी पोरांना रागवायला तोंड उघडलं आणि बंद केलं. नाव पोरांनी ठेवलेलं कुठं होतं.

त्या दिवशी दुपारी मी झेंड्याच्या कपाटातून पेटी काढली, वर्गाच्या मधोमध ठेवली आणि किल्ली खिडकीतून बाहेर फेकावी असं मनात आलं. फेकली नाही, सरकारी होती. पण पेटी उघडली आणि म्हटलं, "घ्या. खेळ तुम्ही करायचा. नियम तुमचे."

पोरं आधी हललीच नाहीत. त्यांना वाटलं, बाईंची काहीतरी परीक्षा आहे. मग एकानं शिक्का उचलून आपल्या कपाळावर मारून बघितला, आणि पुढं आठवडाभर आमच्या वर्गात जे झालं त्याला प्रशिक्षणात काय नाव होतं ते मला आठवत नाही. शाई भिंतीवर गेली, सदऱ्यांवर गेली. दोघींच्या आया भांडायला आल्या. मागच्या बाकावरच्यांनी असा खेळ केला की एक पडला की बाईंना पाणी आणून द्यायचं. मला दुपारभर ग्लासामागून ग्लास आले. दुसऱ्यांचा खेळ कधी संपेचना, कारण जिंकायचं कसं हेच त्यांनी ठरवलं नव्हतं. मग त्यावरून भांडणं, मग नियम बदलणं, मग कुणीतरी मोजून दाखवणं की असं केलं तर सगळ्यांचा खेळ पंधरा घरांतच संपतो. मी कोपऱ्यात बसून बघत होते. माझ्या पाढ्याच्या खेळांत पोरं उत्तर द्यायची. आता ती प्रश्न विचारत होती, आणि मला नव्हे, एकमेकांना.

ती मुलगी दोन दिवस नुसती बघत होती, तिच्या रीतीप्रमाणं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, त्यो मोठा पट द्या की."

मी म्हटलं, "तो कशाला? नवीन कर. तो साप मी पुसूनच टाकणार आहे."

"पुसू नका. साप ऱ्हाऊ द्या. मला नियम बदलायचाय."

पट अंथरला. वर्ग गोळा झाला. तिनं नियम सांगितला: ज्याला साप गिळंल त्यानं खालून चढताना दोन फासे टाकायचे. बाकीच्यांनी एक. बाकीच्यांतल्या सगळ्यांत मागच्याला त्यानं गाठलं की मग त्यानंही एकच.

एक पोरगा म्हणाला, "ह्ये काय, मंग आमी वर चढलो ते फुकट का?"

"तुमच्याजवळ घरं हायती की पुढची," ती म्हणाली. "त्याला तर समदं पयल्यापून चढायचंय."

वाद झाला. मीही मध्ये तोंड घातलं, सवय ती. "दोन फाशांनी तो पुढं निघून नाही का जाणार?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "खेळून बघू." खेळले. दोन फासे असले की बेरीज चटचट करावी लागते, ती मागं राहणाऱ्या पोरांना पहिल्यांदा चुटकीसरशी जमायला लागलं. मग एकाला शोध लागला की दोन फाशांनी एक कधी पडतच नाही, म्हणून गाठायला एकच घर उरलं असेल तर एक फासा बाजूला ठेवावा लागेल. त्यावर तिनं लगेच पोटनियम केला. बघता बघता आम्ही शाळा सुटायची वेळ विसरलो. आणि मला त्या पटावर दिसत होतं की बाहेरगावाहून परत आलेल्या पोरांसाठी मी इतक्या वर्षांत एकदासुद्धा दुसरा फासा काढला नव्हता. नुसती हजेरीत लाल शाई वापरली होती.

त्या आठवड्यापासून शाळा सुटल्यावर तासभर मी तिला आणि आणखी चौघांना घेऊन बसायला लागले. पोरं त्याला 'दोन फासे' म्हणत. पुढच्या दसऱ्याला बापानं तिला आत्याकडं ठेवलं. माझ्यामुळं नव्हे, हे सांगून टाकते. आत्यानं वर्षभर त्याचं डोकं खाल्लं म्हणून. फुकटचं श्रेय घ्यायची माझी हौस तोवर फिटली होती.

पण पट अंथरला त्या दिवशी तिनं आणखी एक नियम घातला होता, तो सांगायचा राहिला. सगळे नियम फळ्यावर लिहून झाल्यावर ती म्हणाली, "आन फासा थांबला की आधी समद्यांनी बघायचं. मंग बोलायचं. फाशाजवळ कुनी उभं ऱ्हायचं न्हाई." पोरांनी मान डोलावली, त्यांना तो साधाच नियम वाटला. माझे कान तापले. मी खडू ठेवला आणि खिडकीशी जाऊन उगाच बाहेर बघत राहिले.

पोरं घरी गेली. ती मागं राहिली, हात शाईनं भरले होते म्हणून. शाळेच्या हापशावर मी दांडा मारत होते, ती हात चोळत होती. शाई काही निघत नव्हती. शेवटी मी म्हटलं, "तो फाशाचा नियम तुला का गं सुचला?"

तिनं वर बघितलं नाही. बोटांच्या मधली शाई नखानं खरवडत, गणिताचं उत्तर सांगावं तशी म्हणाली, "बाई, तवा दोनच पडले व्हते, तुमी पायानं चार केले. म्या बघितलं व्हतं. पन घरला न्हाई सांगितलं. सांगितलं असतं तर बा म्हनला असता, असल्या बाईच्या शाळंत परत जायाचंच न्हाई, आन मला तर यायचं व्हतं."